नागपुरातून शिक्षक व्हायचे असेल तर अभ्यासक्रम आणि महाविद्यालय कसे निवडावे

पदवीचे निकाल लागले की दरवर्षी विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात : बी.एड. कोठून करावे? छात्राध्यापकांचे, म्हणजे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्यांचे, पाठ पाहण्यात बरीच वर्षे गेल्यानंतर मला असे ठामपणे वाटते की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की आपल्याला कोणत्या वयाच्या मुलांसमोर उभे राहायचे आहे. या प्रश्नाचे उत्तर न शोधता प्रवेश घेणारे अनेक जण दोन वर्षे आणि घरच्यांचे पैसे खर्च केल्यानंतर ज्या वर्गाला शिकवण्याची इच्छा होती त्या वर्गासाठी आपण पात्रच नाही, हे समजून हताश होतात. म्हणून या लेखातील पायऱ्या शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे वर्गखोलीपासून प्रवेश अर्जाकडे, अशा क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : वर्ग ठरवा

इयत्ता पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर मार्ग डी.एल.एड.चा आहे, यालाच आपल्याकडे अजूनही सर्रास डी.एड. म्हटले जाते. बारावीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम अध्यापक विद्यालयांत आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांशी संलग्न व्यवस्थेत चालतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २८ जून २०१८ च्या अधिसूचनेद्वारे बी.एड. झालेल्यांनाही प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरवले होते; परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ही वाट बंद केली. न्यायालयाचे म्हणणे असे होते की लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे असते आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमाची रचनाच त्यासाठी केलेली नाही. मला हा निर्णय शैक्षणिकदृष्ट्या योग्य वाटतो. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणे हे दहावीचे बीजगणित शिकवण्यापेक्षा सोपे काम आहे, हा समज ज्यांनी पहिलीचा वर्ग सांभाळलेला नाही त्यांच्यातच आढळतो.

सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. यांपैकी एक आवश्यक असते. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. वरिष्ठ महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल तर बी.एड.ची गरजच नाही. तेथे ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा पाहिली जाते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. केवळ ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून बी.एड. करून मग प्राध्यापकीकडे वळणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करावा.

वर्ग ठरवण्यासाठी माझा सल्ला असा की आधी तीन दिवस शाळेत बसून पाहावे. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात; त्यामुळे जुलैचा पहिला पंधरवडा यासाठी चांगला. आपल्या वस्तीतील महानगरपालिकेच्या किंवा गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून, हेतू सांगून, लेखी अर्ज दिला तर बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते. एक दिवस दुसरीच्या वर्गात, एक दिवस सातवीत आणि एक दिवस दहावीत बसा. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला कोणत्या वर्गात तुमचा जीव रमला, हे ध्यानात ठेवा.

दुसरी पायरी : प्रमाणपत्रानंतरच्या परीक्षा समजून घ्या

अभ्यासक्रम पूर्ण झाला की नोकरी, असे आता नाही. शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, बंधनकारक झाली. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, वेळ अडीच तास. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण आणि मागासवर्गीय उमेदवारांना ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. या प्रमाणपत्राची मुदत पूर्वी सात वर्षांची होती, ती आता आजीवन आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही ही परीक्षा उत्तीर्ण होण्याचे बंधन घातले. ज्यांच्या सेवेचा पाच वर्षांहून कमी कालावधी उरला आहे त्यांना सेवेत राहण्यापुरती सवलत मिळाली, पदोन्नतीसाठी मात्र नाही. म्हणजे टीईटी टाळून पुढे जाता येईल, ही आशा कोणीही धरू नये.

टीईटी ही पात्रता आहे. निवड मात्र शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर, राज्य शासनाच्या ‘पवित्र’ या शिक्षक भरती पोर्टलमार्फत होते. ही चाचणी २०० गुणांची आणि दोन तासांची असते. त्यातील १२० गुण अभियोग्यतेला आणि ८० गुण बुद्धिमत्तेला असतात. येथे एक गोष्ट नीट पाहावी : ही चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. दोन भरतींमधले अंतर पाच वर्षांचेही असू शकते, हे गृहीत धरूनच घरची आर्थिक आखणी करावी लागते. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी १६,००० रुपये, माध्यमिकसाठी १८,००० रुपये आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये आहे. नागपूरचा मुलगा किंवा मुलगी गडचिरोलीला किंवा रायगडला रुजू झाली तर भाडे आणि प्रवास यात यातील किती रक्कम जाते, याचा विचार घरात उघडपणे व्हायला हवा.

केंद्रीय विद्यालयांसारख्या केंद्र सरकारच्या शाळांसाठी सीबीएसईकडून घेतली जाणारी सीटीईटी वेगळी असते. दोन्ही परीक्षांच्या अभ्यासाचा बराचसा भाग सारखा असल्याने दोन्ही देणे शहाणपणाचे आहे.

तिसरी पायरी : विषय आणि माध्यम

बी.एड.मध्ये तुम्हाला कोणत्या अध्यापन पद्धती, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत कोणत्या मेथड मिळतील, हे तुमच्या पदवीच्या विषयांवर ठरते. म्हणून बारावीतच शिक्षक व्हायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याने पदवीचे विषय निवडतानाच शाळेच्या वेळापत्रकाकडे पाहावे. शाळेत गणित, विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे तास सर्वाधिक असतात. वाणिज्य पदवीधरांना बी.एड.ला प्रवेश मिळतो, पण दहावीपर्यंत वाणिज्य हा विषय नसल्यामुळे त्यांची खरी संधी एम.कॉम. करून अकरावी-बारावीच्या वर्गांत असते. मानसशास्त्र, तत्त्वज्ञान अशा विषयांत पदवी घेणाऱ्यांनी सोबत एखादी भाषा किंवा इतिहास-भूगोलासारखा शालेय विषय अवश्य ठेवावा. बी.एस्सी.ला रसायनशास्त्रासोबत जीवशास्त्राचे गट घेणाऱ्यांना गणिताची मेथड मिळणे अवघड जाते, ही बाब प्रवेशाच्या वेळी अनेकांना नव्यानेच कळते.

नागपूरची एक विशेष बाब माध्यमाची आहे. येथे मराठीबरोबर हिंदी माध्यमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत, मोमिनपुरा आणि कामठी भागात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत आणि शहराच्या नव्या वस्त्यांत इंग्रजी माध्यम वाढले आहे. भरतीत तुमचे स्वतःचे शिक्षण कोणत्या माध्यमातून झाले याला महत्त्व असते. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याने केवळ प्रतिष्ठेपोटी इंग्रजी माध्यमाचे बी.एड. निवडू नये, मात्र इंग्रजीची तयारी खरोखर असेल आणि खासगी शाळांकडे जाण्याचा विचार असेल तर बी.एड.च्या प्रवेश परीक्षेसोबत, म्हणजे सीईटीसोबत, होणारी इंग्रजी विषयज्ञान चाचणीही द्यावी.

चौथी पायरी : वाट निवडा

डी.एल.एड.साठी बारावीचे गुण पाहिले जातात. प्रवेश प्रक्रिया महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद राबवते. ज्यांना प्राथमिक वर्गांत काम करायचे आहे त्यांनी ते करावे आणि नंतर पदवी पूर्ण करावी, म्हणजे सहावी ते आठवीचा दरवाजाही उघडा राहतो.

दोन वर्षांच्या बी.एड.साठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी द्यावी लागते. १०० प्रश्न, ९० मिनिटे. मानसिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि अध्यापन अभियोग्यतेवर ३० प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. गेल्या काही वर्षांत ही परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे पदवीच्या अंतिम परीक्षेच्या ऐन तोंडावर, झाली आहे. अर्ज त्याआधीच भरावा लागतो. पदवीचा निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्याचे वर्ष त्यामुळेच वाया जाते. पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला ५० टक्के गुण हवेत, राज्यातील मागासवर्गीयांना ४५ टक्के.

तिसरी वाट चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रमाची, म्हणजे आयटेपची. बारावीनंतर पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा हा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून देशातील निवडक संस्थांत सुरू झाला. त्यासाठी राष्ट्रीय स्तरावर एनसीईटी ही परीक्षा होते आणि ती मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे बी.एड. यांच्या तुलनेत एक वर्ष वाचते, हा फायदा स्पष्ट आहे. पण अठराव्या वर्षी हा निर्णय पक्का असावा लागतो. ज्याला शिक्षकी पेशाबद्दल खात्री नाही त्याने आधी पदवी घ्यावी. जुन्या धर्तीच्या बी.ए. बी.एड. किंवा बी.एस्सी. बी.एड. अभ्यासक्रमाची जाहिरात दिसली तर तो आयटेपमध्ये रूपांतरित झाला आहे का, हे एनसीटीईच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय शुल्क भरू नये.

दूरस्थ बी.एड. हे नवख्यांसाठी नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, दोघांचीही विभागीय केंद्रे नागपुरात आहेत. परंतु त्यांचे बी.एड. प्रामुख्याने सेवेतील प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी किंवा ज्यांनी आधी नियमित अध्यापक प्रशिक्षण घेतले आहे त्यांच्यासाठी असते.

विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत काम करायचे असेल तर विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. करावे, त्याला मान्यता भारतीय पुनर्वास परिषदेची लागते आणि नंतर परिषदेकडे नोंदणीही करावी लागते. क्रीडाशिक्षकासाठी बी.पी.एड. आहे, ज्याच्या प्रवेशात लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही होते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून या क्षेत्रात आहे आणि विदर्भातील विद्यार्थ्यांना ते जवळचे आहे. संस्कृत शिकवण्याची इच्छा असणाऱ्यांनी रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाची चौकशी करावी.

पाचवी पायरी : महाविद्यालय प्रत्यक्ष पाहा

येथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण बहुतेक चुका येथेच होतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाल्यानंतर नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत उरले. चंद्रपूर किंवा गडचिरोलीचे महाविद्यालय निवडाल तर पदवी गोंडवाना विद्यापीठाची, यवतमाळ किंवा अमरावतीचे निवडाल तर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची मिळते. नोकरीच्या दृष्टीने यात डावे-उजवे काही नाही. फरक पडतो तो महाविद्यालयाच्या दर्जामुळे आणि हा फरक फार मोठा असतो.

आधी कागद तपासावेत. एनसीटीईच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव, मान्यतेचा आदेश आणि प्रवेशक्षमता पाहा. बी.एड.चे एक युनिट ५० विद्यार्थ्यांचे असते. २०१४ च्या नियमावलीनुसार १०० विद्यार्थ्यांमागे १६ पूर्णवेळ अध्यापक असावे लागतात. संकेतस्थळावर १६ नावे दिसली म्हणून समाधान मानू नका. कामाच्या दिवशी, शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी अकरा वाजता महाविद्यालयात जा आणि त्यांपैकी किती जण वर्गांत किंवा अध्यापक कक्षात दिसतात ते स्वतः मोजा. नॅकचे, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे, मूल्यांकन पाहावे, पण ते एनसीटीईच्या मान्यतेला पर्याय नाही.

यानंतरचा प्रश्न हजेरीचा. नियमानुसार तासिका व प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के उपस्थिती लागते. तरीही ‘नॉन अटेंडिंग’ प्रवेशाची भाषा आपल्या कानांवर पडते : परीक्षेपुरते या, बाकीचे आम्ही पाहून घेऊ. मला याचा मनापासून संताप येतो. हा नियमभंग तर आहेच, पण त्याची किंमत पुढे वर्गातील मुले चुकवतात. एका विद्यार्थिनीने असा प्रवेश घेतला होता. खासगी शाळेत मुलाखतीच्या वेळी तिला सातवीच्या वर्गावर दहा मिनिटांचा पाठ घ्यायला सांगितले. तिला फळ्याचे नियोजन कसे करायचे हेही माहीत नव्हते. ती हुशार होती, विषय उत्तम येत होता. शिकवायला मात्र तिला कोणी शिकवलेच नव्हते. ती संस्था कोणती हे येथे महत्त्वाचे नाही. जे महाविद्यालय हजेरीत सवलत देऊ करते ते तुमच्याकडून शुल्क घेऊन काहीच देणार नाही, इतके लक्षात घ्यावे.

हजेरी खरी असेल तर पाठांकडे वळा. दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना प्रवेशद्वाराबाहेर, चहाच्या टपरीवर, निवांत भेटा आणि त्यांची पाठ टाचणांची, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनाची, वही दाखवायला सांगा. त्यात मार्गदर्शकांचे शेरे वाचा. प्रत्येक पाठाखाली ‘चांगला’ एवढाच शब्द आणि सही असेल तर कोणीही मागे बसून पाठ पाहिलेला नाही. ‘प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबला नाहीस’, ‘मागच्या बाकांवरच्या मुलींकडे एकदाही पाहिले नाही’ असे शेरे दिसले तर त्या महाविद्यालयात शिकवले जाते, हे निश्चित समजावे. सूक्ष्म अध्यापनाबद्दलही, म्हणजे एकेका कौशल्यासाठीच्या छोट्या सराव पाठांबद्दलही, विचारा. त्याचे पूर्ण चक्र ३६ मिनिटांचे असते : ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण (अभिप्राय), १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनर्अध्यापन आणि पुन्हा ६ मिनिटे प्रत्याभरण. अनेक ठिकाणी पहिली ६ मिनिटे झाली की सही मिळते. चूक दुरुस्त करून तोच भाग पुन्हा शिकवण्याची संधी मिळते की नाही, हा एकच प्रश्न विचारला तरी बरेच कळते.

आंतरवासिता दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची असते. साधारणतः पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे. ती कोणत्या शाळांत होते ते पाहा. संस्थेच्या स्वतःच्याच एका शाळेत शंभर छात्राध्यापक पाठवले जात असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किती तास येणार? याउलट एखादे महाविद्यालय महाल किंवा सदरमधील अनुदानित शाळा, महानगरपालिकेची शाळा आणि हिंगणा किंवा पारशिवनी तालुक्यातील जिल्हा परिषदेची शाळा अशा तीन वेगवेगळ्या ठिकाणी विद्यार्थ्यांना पाठवत असेल, तर प्रवास वाढतो हे खरे, पण शिक्षक तयार होतो. देवलापारच्या बाजूला गोंडी बोलणारी मुले शाळेत येतात. घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी असलेल्या मुलाला कसे शिकवावे, हे सीताबर्डीतल्या वर्गखोलीत बसून समजत नाही.

ग्रंथालयात गेल्यावर कपाटांची संख्या मोजू नका. देवघेवीची नोंदवही पाहा. गेल्या महिन्यात किती पुस्तके बाहेर गेली, हे तिच्यात दिसते.

सहावी पायरी : खर्च

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण निश्चित करते आणि महाविद्यालयनिहाय रक्कम जाहीर करते. त्याहून अधिक मागणी झाली तर पावती मागा. पावती देण्यास नकार मिळाला तर ती मागणी बेकायदा आहे असे समजून पैसे देऊ नका. शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन क्रिमी लेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी मे महिन्यातच अर्ज करावा, कारण जून-जुलैत तहसील कार्यालयात सगळ्याच अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची गर्दी होते. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे महाविद्यालयांनी अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे निर्देश आहेत. पडताळणी झाली की ती परत घ्या.

वर्गाबाहेरचे शिक्षणक्षेत्र

काहींना मुलांपेक्षा शिक्षणाच्या प्रश्नांमध्ये अधिक रस असतो : अभ्यासक्रम कसा तयार होतो, पाठ्यपुस्तके कशी लिहिली जातात, शाळा सोडणाऱ्या मुलींचे काय होते. त्यांच्यासाठी बी.एड. हा एकमेव मार्ग नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा किंवा अझीम प्रेमजी विद्यापीठाचा शिक्षण विषयातील एम.ए. हा या कामासाठी अधिक योग्य आहे. मात्र शिक्षणशास्त्रातील एम.ए. म्हणजे एम.एड. नव्हे. एम.एड.साठी आधी बी.एड. लागते आणि अध्यापक महाविद्यालयात शिकवायचे असेल तर सर्वसाधारणपणे एम.एड. लागते. या वाटेला जाणाऱ्यांनी एक दिवस सेवाग्रामला अवश्य जावे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा गांधीजींचा, विचार पुढे आला आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा त्याच परंपरेत आजही चालते. हाताने काम करताना मूल काय शिकते, हे तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

सातवी पायरी : पसंतीक्रम भरताना

केंद्रीय प्रवेश फेरीचा अर्ज सायबर कॅफेतील माणसाच्या हवाली करू नका. पाहून आलेल्या महाविद्यालयांची यादी कागदावर लिहा आणि अंतराच्या नव्हे तर पाठांच्या दर्जाच्या क्रमाने लावा. त्यानंतरच प्रवासाचा विचार करा : सकाळी साडेसातला शाळेत आंतरवासितेसाठी पोचायचे असेल तर उमरेड किंवा काटोलहून पहिली बस किती वाजता निघते, हे एकदा प्रत्यक्ष त्या बसने जाऊन पाहा. जेथे प्रवेश घ्यायचा नाही असे महाविद्यालय यादी लांबवण्यासाठी टाकू नका. ते मिळाले तर पुढच्या फेऱ्यांबाबतचे नियम तुम्हाला बांधून ठेवू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका पूर्ण वाचा. मनासारखे महाविद्यालय पहिल्या फेरीत मिळाले नाही तर लगेच संस्थास्तरीय, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, जागेसाठी धावू नका. पुढच्या फेरीत रिकाम्या झालेल्या जागा येतात. शेवटच्या फेरीनंतरही केवळ ‘नॉन अटेंडिंग’वाल्यांचेच दार उघडे राहिले, तर ते वर्ष एखाद्या शाळेत सहायक म्हणून किंवा वस्तीतील मुलांची शिकवणी घेत घालवावे, टीईटीचा अभ्यासक्रम वाचायला घ्यावा आणि जानेवारीपासून सीईटीच्या अर्जाच्या सूचनेवर लक्ष ठेवावे.